अंदाज आपला, अपयश त्याचं

१८ सप्टेंबर २०२२, रविवारची सकाळ. एका हातात पोह्यांची बशी, मांडीवर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर दोन विंडो उघडलेल्या. एकीत ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँगहून सायकलिंगच्या जागतिक अजिंक्यपदाची टाईम ट्रायल, दुसरीत माझं एक्सेल शीट. शीटमध्ये बावीस सायकलपटू, त्यांची वजनं, अंदाजे वॉट, मागच्या दोन वर्षांचे निकाल, आणि शेवटच्या कॉलममध्ये प्रत्येकाला किती वेळ लागणार ते. सेकंदाच्या पुढे दोन दशांश स्थळंसुद्धा. (एक्सेल देतं म्हणून ठेवली होती. इंजिनिअरिंगला सिग्निफिकंट फिगर्स शिकवल्या होत्या, त्या व्हायव्हाच्या खोलीतच सोडून आलो.) शीटप्रमाणे इटलीचा फिलिपो गान्ना पहिला येणार होता. २०२० आणि २०२१ चा जगज्जेता, म्हणजे तसं शीट नसतं तरी हेच म्हटलं असतं. आदल्या रात्री आमच्या सायकल ग्रुपवर मी हे जाहीर करून टाकलं. पैज मिसळीची.

गान्ना सातवा आला.

जिंकला नॉर्वेचा टोबियास फॉस. माझ्या बावीसांत तो नव्हताच! आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण रे जिंकलं?" म्हटलं, "तुला नाही माहीत." तर म्हणे, "तुला तरी माहीत होता का?"

मिसळ कुणालाच मिळाली नाही, कारण फॉसचं नाव ग्रुपवर कुणीच घेतलं नव्हतं. पण दुपारपर्यंत निदानं मात्र सगळ्यांची तयार. गान्ना दमलाय. गान्नाचं डोकं जागेवर नाही. मी स्वतः लिहिलं, "मोठ्या दिवशी कच खातो हा." हे मी लिहिलं ते दोनदा जगज्जेता झालेल्या माणसाबद्दल, कारण काय, तर माझा शेवटचा कॉलम चुकला होता. बरोब्बर वीस दिवसांनी, ८ ऑक्टोबर २०२२ ला, याच गान्नाने स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखनच्या ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर कापून तासाचा विश्वविक्रम केला. तो मेसेज डिलीट करायची वेळ तोवर निघून गेली होती.

आजचा हा वीकेंडचा लेख त्या मेसेजबद्दल आहे. आणि तसे मेसेज रोज पाडणाऱ्या आपल्या सगळ्यांबद्दल.

ज्यांनी टाईम ट्रायल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सायकलपटू एकेकटा सुटतो. दोघांमध्ये एक-दोन मिनिटांचं अंतर. घोळका नाही, पुढच्याच्या मागे लपून वारा चुकवणं नाही, डावपेच नाहीत. रस्ता, माणूस आणि घड्याळ. फ्रेंच लोक हिला घड्याळाविरुद्धची शर्यत म्हणतात, आणि सायकलिंगवाल्यांचं दुसरं लाडकं नाव म्हणजे 'सत्याची शर्यत'. इंजिनिअर लोकांना ही शर्यत आवडते यात काही नवल नाही, कारण ही जवळजवळ फिजिक्सची लेखी परीक्षा आहे. ताशी ५० किलोमीटरला सायकलपटूची बहुतेक सगळी ताकद हवा कापण्यात जाते. थोडी टायर आणि रस्ता यांच्या घर्षणात, थोडी चेनमध्ये, चढ आला की गुरुत्वाकर्षणाशी. जेम्स मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली हे सगळं एका समीकरणात मांडलं आणि खऱ्या रस्त्यावर, खऱ्या पॉवर मीटरशी ताडून पाहिलं. ते जुळलं. आज प्रत्येक मोठ्या टीमकडे त्याची कुठली ना कुठली आवृत्ती आहे.

मग अंदाज सोपाच की! इथेच तर सगळे फसतात. मीसुद्धा.

जरा गणित करू. घाबरू नका, अकरावीचंच आहे. सपाट रस्त्यावर लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे उलट बाजूने, ताकद १ टक्का वाढवलीत तर वेळ फक्त एक तृतीयांश टक्का वाचते. ४० मिनिटांच्या शर्यतीत सुमारे ८ सेकंद. आता वोलोंगाँग बघा. अंतर ३४.२ किलोमीटर. फॉसला लागली ४० मिनिटं २.७८ सेकंद. दुसरा आलेला स्वित्झर्लंडचा स्टेफान क्यूंग त्याच्यामागे २.९५ सेकंद. टक्क्यांत ०.१२. ताकदीत मोजलं तर ०.३७ टक्के. माणूस ४०० वॉट काढतोय असं धरलं, तर दीड वॉट.

दीड वॉट! सायकलवर बसवतात त्यातली बरीच चांगली पॉवर मीटरसुद्धा अधिक-उणे १ टक्का अचूक असल्याचा दावा करतात, म्हणजे ४ वॉट इकडे किंवा तिकडे. सोन्याचं आणि चांदीचं पदक यांच्यात जेवढा फरक होता तेवढा त्यांच्या स्वतःच्या सायकलवरच्या यंत्रालाही दिसला नसता. आणि मी तो पुण्यात बसून, इंटरनेटवरून उचललेल्या वजनांवरून सांगायला निघालो होतो. दोन दशांश स्थळांपर्यंत.

वाऱ्याचं काढलं तर आणखी मजा. सेकंदाला १ मीटर हा वारा म्हणजे गच्चीत वाळत घातलेला टॉवेल जेमतेम हलतो, इतपत. पण ताशी ५० च्या वेगाने जाणाऱ्याला तो समोरून लागला, तर तेवढ्याच ताकदीत १० किलोमीटरच्या सरळ पट्ट्यात अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं. परतीच्या वाटेवर त्यातलं बरंच परत मिळतं हे खरं, पण मधल्या वेळात वारा फिरला तर? सायकलपटू एकामागून एक सुटतात, पहिला आणि शेवटचा यांच्यात तास-दोन तास जातात. एकाच रस्त्यावर दोघं धावतात खरे, पण दोघांची हवा वेगळी असते.

आणि पंक्चर कुठल्या कॉलममध्ये टाकणार? पॅरिस ऑलिंपिकची टाईम ट्रायल, २७ जुलै २०२४, रस्ते ओले. ब्रिटनचा जॉश टार्लिंग, वय २०, आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत तिसरा आलेला. वाटेत पंक्चर, सायकल बदलावी लागली. तरी चौथा आला. ब्राँझ गेलं जेमतेम दोन सेकंदांनी. (डोपिंगवर तर बोलूच नका. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकचं सोनं टायलर हॅमिल्टनला मिळालं, २०१२ मध्ये काढून घेतलं आणि रशियाच्या एकिमोव्हला दिलं. निकाल लागायलाच ८ वर्षं लागली तिथे अंदाजवाल्याने काय करावं!)

आता तुम्ही म्हणाल, "म्हणजे खेळात काहीही होऊ शकतं, हेच ना?" नाही. अजिबात नाही. हे वाक्य मला एका नावाच्या भविष्याहूनही जास्त पकाऊ वाटतं. काहीही होत नाही. मी त्या शर्यतीत उतरलो असतो तर शेवटचा आलो असतो, आणि तेही पोहोचलो असतो तर. रेम्को एवेनेपुलने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन जागतिक टाईम ट्रायल जिंकल्या, मध्ये पॅरिसचं सोनंही. २०२५ ला रवांडात, किगालीच्या चढ-उतारांवर, दुसऱ्या नंबरच्या जे व्हाईनला त्याने १ मिनिट १४ सेकंद मागे टाकलं, आणि अडीच मिनिटं आधी सुटलेल्या पोगाचारला रस्त्यातच गाठलं. तिथे एवेनेपुलचं नाव घेणारे बरोबर होते, आणि छातीठोक बरोबर होते. पण आदल्या वर्षी झुरिकला तोच एवेनेपुल गान्नाच्या पुढे होता फक्त ६ सेकंद. सुरुवातीच्या रॅम्पवर त्याची चेन पडली होती, आणि पुढे अख्खी शर्यत पॉवर मीटरच्या आकड्याशिवाय काढली. ५३ मिनिटांत ६ सेकंद. तिथेही नाव घेणारे बरोबरच ठरले, पण हे बरोबर आणि ते बरोबर एकाच मापाचं कसं? नुसतं नाव घेणाऱ्याला हा फरक सांगताच येत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्हीकडे "बघ, म्हटलं होतं ना".

एक छोटा प्रयोग सांगतो, कुणालाही एक्सेलमध्ये करता येईल. समजा एक फेव्हरिट आहे, तो सरासरीने बाकी दहा जणांपेक्षा १० सेकंद वेगवान. पण प्रत्येकाचा दिवस कमी-जास्त असतो, आणि त्या कमी-जास्तीचं स्टँडर्ड डेव्हिएशन २० सेकंद. झोप, वारा, वळणावर ब्रेक किती दाबला, सगळं त्यात आलं. आता ही शर्यत दहा हजार वेळा पळवा. फेव्हरिट किती वेळा जिंकतो? साधारण १८-१९ टक्के. म्हणजे पाच शर्यतींत एकही पूर्ण पदरात पडत नाही. आणि तरीही एकच नाव द्यायचं असेल तर त्याचंच दिलं पाहिजे, कारण उरलेल्या दहांपैकी प्रत्येकाची शक्यता ८ टक्क्यांच्या आसपास. सगळ्यात चांगला अंदाज, आणि पाचात चारदा चुकणारा! हे पहिल्यांदा स्क्रीनवर आलं तेव्हा च्यायला, मी फॉर्म्युला तीनदा तपासला.

अंदाज चुकणं हे काही पाप नाही, माझं भांडण त्यापुढच्या पायरीशी आहे. आपण शंभर टक्क्यांच्या थाटात एक नाव घेतो. ते चुकलं की दोन रस्ते असतात. एक, "माझा आत्मविश्वास जास्त झाला होता" असं म्हणणं. दोन, "त्याने घाण केली" असं म्हणणं. पहिला रस्ता कुणी घेतलेला मी तरी पाहिलेला नाही.

१९८९ चं टूर द फ्रान्स घ्या. शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटरची टाईम ट्रायल. लॉरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडला किलोमीटरमागे दोन सेकंदांहून जास्त कमवायचे होते, त्यामुळे फिन्योंचं नक्की, असाच बहुतेकांचा हिशोब. लेमाँडने ट्रायथलॉनवाले वापरतात तसा लांब हँडलबार लावला, निमुळतं हेल्मेट घातलं, ताशी ५४.५ किलोमीटरच्या सरासरीने सुटला आणि फिन्योंवर ५८ सेकंद काढले. टूर ८ सेकंदांनी जिंकला. आजतागायत टूरमधलं हे सगळ्यात छोटं अंतर आहे.

आता त्या दिवसाची यादी उघडा. पहिला लेमाँड, दुसरा तिएरी मारी, ३३ सेकंद मागे. तिसरा कोण? फिन्यों! बसवत नाही अशी जखम घेऊन, उघड्या डोक्याने, साध्या हँडलबारवर त्या दिवशीची तिसरी सर्वोत्तम वेळ. आणि १९८३ आणि १९८४ असे दोन टूर जिंकलेला हा माणूस २०१० मध्ये वारला तोवर, आणि नंतरही, "आठ सेकंदांनी हरलेला" म्हणूनच ओळखला गेला. हवेच्या रोधाचा हिशोब चुकला बघणाऱ्यांचा. त्याची किंमत भरली फिन्योंने, एकवीस वर्षं.

२०२० ला हेच पुन्हा. १९ सप्टेंबर, टूरचा शेवटून दुसरा दिवस, ३६.२ किलोमीटर, शेवटी ला प्लाँश दे बेल फिय नावाचा चढ. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच ५७ सेकंदांनी पुढे, मागे त्याचाच देशबंधू तादेय पोगाचार, बाविसावं लागायला दोन दिवस बाकी. सगळ्यांनी रोग्लिचच्या नावावर टूर लिहून टाकला होता. पोगाचारने त्याच्यावर १ मिनिट ५६ सेकंद काढले. कपाळावरून मागे सरकलेलं हेल्मेट आणि पांढराफटक चेहरा, रोग्लिचचा तो फोटो तुम्ही पाहिला असेलच. 'कोलमडला' हा शब्द त्या फोटोला चिकटला तो चिकटलाच.

यादी उघडा पुन्हा. रोग्लिच त्या दिवशी पाचवा होता. जगातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत, तीन आठवड्यांनंतर, पाचवा. पोगाचारनंतर दुसरा आलेला टॉम ड्युमुलां १ मिनिट २१ सेकंद मागे होता, आणि तोच काही वर्षांपूर्वीचा टाईम ट्रायलचा जगज्जेता. म्हणजे त्या दिवशी विचित्र काही घडलं असेल तर ते पोगाचारच्या बाजूने घडलं. आणि तेही अगदी आकाशातून पडलेलं नव्हतं. जूनमध्ये स्लोव्हेनियाच्या राष्ट्रीय टाईम ट्रायलमध्ये, चढाच्याच रस्त्यावर, पोगाचारने रोग्लिचला सुमारे ९ सेकंदांनी हरवलं होतं. डेटा समोर होता. आपण पाहिला नाही. मग रोग्लिच कमकुवत मनाचा कसा काय झाला?

पुढची गंमत ऐका. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या टाईम ट्रायलचं सोनं त्याच रोग्लिचने घेतलं, १ मिनिटाहून जास्त फरकाने. मे २०२३ मध्ये जिरो द'इटालिया, पुन्हा शेवटून दुसरा दिवस, पुन्हा डोंगरावर संपणारी टाईम ट्रायल, मोंते लुस्सारी. या खेपेला तो २६ सेकंदांनी मागे. ऐन चढावर चेन पडली, थांबला, बसवली, आणि तरी गेराइंट थॉमसवर ४० सेकंद काढून जिरो जिंकला. झालं! आता म्हणे मानसिक कणखरता. माणूस तोच. २०२० ला कोलमडणारा आणि २०२३ ला पोलादी. मला वाटतं दोन्ही वेळा मन साधारण सारखंच असावं, बदलले ते फक्त आपले निबंध.

क्यूंगचं तर विचारूच नका. टोकियोत ४४ किलोमीटरनंतर ब्राँझ ०.४० सेकंदांनी हुकलं. तिथे दुसरा ते पाचवा हे चौघंही ५ सेकंदांच्या आत होते, चौघांची नावं चिठ्ठीत टाकून काढली असती तरी चाललं असतं. पुढच्या वर्षी जगज्जेतेपद २.९५ सेकंदांनी. दोनदा युरोपचा विजेता असलेल्या या माणसाला आमच्या ग्रुपवर 'बिचारा' म्हणतात.

हे सगळं मी इतकं तावातावाने का लिहितोय? सायकलपटूंना माझ्या वकिलीची गरज नाही, ते मजेत आहेत. कारण घरचं आहे. म्हणजे ऑफिसचं.

गेल्या वर्षी आमच्याकडे एका मॉड्यूलचा अंदाज द्यायचा होता. काम करणार होती टीममधली एक मुलगी, जॉईन होऊन दीड वर्ष झालेली. अंदाज देणार मी. मनात होतं, तीन आठवडे ते सहा आठवडे, समोरच्या सिस्टिमचं डॉक्युमेंटेशन कसं निघतं त्यावर. मॅनेजर म्हणाला, "अरे रेंज नको, क्लायंटला एक तारीख लागते." मी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. का दिली? हुशार दिसायला, दुसरं काय. गान्ना म्हटलं होतं तसंच.

पाच आठवडे लागले. माझ्या मनातल्या रेंजच्या आतच, लक्षात घ्या. काम चांगलं होतं, ती दोन रविवार येऊन बसली होती. वर्षाअखेरीच्या रिव्ह्यूमध्ये तिच्या फॉर्मवर आलं की डेडलाईन पाळण्यात सुधारणेला वाव आहे. माझ्या फॉर्मवर अंदाजाबद्दल एक अक्षर नव्हतं. तिने मला काहीच विचारलं नाही. मी मॅनेजरला जाऊन सांगितलं, पण फॉर्म लॉक झाल्यानंतर. मार्चमध्ये तिने पेपर टाकला. फेअरवेलच्या केकवर माझी दोनशे रुपये वर्गणी होती.

त्यामुळे "टक्क्यांत बोलणं म्हणजे कुंपणावर बसणं" असं कुणी म्हटलं की आता डोक्यात जातं. उलट आहे हो! कुंपणावर बसलेला तो, जो नाव घेतो, चुकतो आणि हिशोब ठेवत नाही. हवामानवाल्यांना आपण जाम हसतो, पण हिशोब ठेवायची पद्धत त्यांचीच. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५० सालीच मांडून ठेवली. तुम्ही किती शक्यता दिलीत, प्रत्यक्षात झालं (१) की नाही झालं (०), त्या दोन्हीतल्या फरकाचा वर्ग. जितका कमी तितकं चांगलं. "गान्ना, शंभर टक्के" म्हणून चुकलात तर अख्खा १. "गान्ना, ४० टक्के" म्हणून चुकलात तर ०.१६. आणि ४० म्हणून तो जिंकला, तर ०.३६, म्हणजे भित्रेपणाचाही दंड आहेच. पळवाट कुठे आहे यात? वर्षभराची बेरीज मांडा आणि बघा कोण किती पाण्यात आहे.

आमच्या ग्रुपवर मी आता तसंच लिहितो. आदल्या रात्री पाच नावं, टक्के, आणि "इतर कुणीही" याला एक रांग. ती रांग फॉसची. मला तिथे सगळे 'कुलाबा वेधशाळा' म्हणतात. सकाळी निकाल लागला की बाकीच्यांचे मेसेज सुरू होतात आणि कुणीतरी हटकून लिहितंच, "याने कच खाल्ली". तिथे मी त्यांना त्यांचाच आदल्या रात्रीचा मेसेज कोट करून परत पाठवतो. फार लोकप्रिय नाहीये मी.

परवा शुक्रवारी पुन्हा विचारलं गेलं, नवीन काम, तारीख किती? म्हटलं, चार ते सात आठवडे, पाचच्या आत व्हायची शक्यता ४० टक्के, आणि उशीर झाला तर चूक अंदाजाची, म्हणजे माझी. तोंडी नको म्हणून मेलवर टाकलं, काम करणाऱ्या मुलाला सीसीमध्ये ठेवून.

आज रविवार. अजून उत्तर आलेलं नाही.